कातळावरून ल्युअर (नकली आमिष) मारायला ब्रेडेड (विणलेली) लाइन कुठली घ्यावी? ६० पाउंडवाली दोनदा तुटली

वीकेंडचा_गळ:

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नोकरी पुण्यात, घर रत्नागिरीजवळ, त्यामुळे महिन्यातनं एखाद-दुसरा शनिवार-रविवार मिळतो तेवढाच. लहानपणी आजोबांबरोबर जेटीवर गरवायला जायचो, कोळंबी लावून, तंगूस (नायलॉनची लाइन) हातात धरून. रॉड-रील मात्र गेल्या वर्षी घेतलं. रॉड ९ फुटी, त्यावर १५-४५ ग्रॅम लिहिलंय (म्हणजे तेवढ्या वजनाचं ल्युअर फेकायचं), रील ४००० साइजचं. आधी ०.४० मिमीचा तंगूसच भरला होता पण २८ ग्रॅमचा चमचा (धातूचं ल्युअर) मारला तरी समोरच्या लाटेच्या पलीकडे काही जाईना आणि मासा टोचून गेला तरी हाताला कळायचं नाही. मग सगळे म्हणतात ब्रेड घे ब्रेड घे म्हणून ऑनलाइन एक घेतली, ६० एलबी, ४ धाग्यांची, ३०० मीटर, सहा-सातशे रुपयांत. (घरी फोनवर "ब्रेड संपत आलाय" म्हणालो तर आईने बेकरीतून पाव आणून ठेवला, ते वेगळंच.)

आता रडगाणं. पहिल्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या कास्टला (फेकीला) लाइनचा गुंता झाला, फट् आवाज आला आणि ल्युअर एकटंच उडत समुद्रात गेलं, मी रॉड धरून बघत बसलो. दुसऱ्यांदा खरं दुःख. सकाळी भरतीच्या पाण्यात कातळाच्या कडेने मिनो (छोट्या माशासारखं ल्युअर) ओढत होतो, लाल पाठ दिसली, तांबोशी, दोन किलो तरी असेल, सरळ खाली दगडात घुसली आणि लाइन सैल. ६० पाउंड म्हणजे २७ किलो झाले ना? दोन किलोच्या माशाने कशी तुटते?

तर विचारायचंय असं की किती पाउंडची घेऊ, ८० ची घेऊ का, ४ धागे की ८, रंग कुठला, आणि १५० मीटर पुरते का. बजेट दीड-दोन हजार. जिताडा, तांबोशी, कोकर यातलं जे मिळेल ते चालेल, मिळायला हवं फक्त.

भाट्येकर:

भावा स्वागत. ८० ची अजिबात घेऊ नको, तुझी अडचण पाउंडची नाहीचे.

आधी सांग तुटलेलं टोक कसं होतं? फेकून दिलं नसशील तर बघ. टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं असेल तर लाइन तुटलेलीच नाही, गाठ सरकून सुटली. टोकाला कापसासारखा पिंजारा आला असेल तर दगडाने खाल्ली. आणि एकदम स्वच्छ कापलेलं असेल तर दात किंवा कल्ला. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं ब्लेडसारखी असतात, नुसती घासली तरी काम तमाम. आणि दुसरं, लीडर (ब्रेडच्या पुढे जोडायचा जाड तुकडा) किती लावला होतास? तू लिहिलेलंच नाहीयेस म्हणून मला शंका येतेय.

वीकेंडचा_गळ:

दादा टोक आहे, ल्युअरच्या डब्यात तसंच ठेवलंय आठवण म्हणून. वळलेलं आहे, शेपटीसारखंच. लीडर नव्हता लावला, सरळ ल्युअरच्या कडीलाच बांधली होती, तंगुसाला मारतो तीच गाठ, पाच वेढे आणि परत आत.

भाट्येकर:

मग झालं तर. त्या तांबोशीने काहीच तोडलं नाही, तूच सोडलीस तिला 😄

रागावू नको, आम्ही सगळे यातूनच गेलोय. ब्रेड हे नायलॉन नाही, ते पॉलिथिलीन आहे, फार लांब रेणूंचं, डायनीमा किंवा स्पेक्ट्रा म्हणतात तेच. पृष्ठभाग इतका बुळबुळीत की तंगुसाची गाठ त्यावर धरतच नाही, जोर आला की एकेक वेढा सरकत जातो. आणि कोरडी गाठ खसकन ओढली तर घासून गरम होते, हे मटेरियल दीडशे डिग्रीच्या आतच वितळतं, म्हणजे गाठीतच लाइन अर्धी होते. थुंकी लावून हळू ओढायची, नेहमी.

आता काय घ्यायचं ते. तुझा रॉड ४५ ग्रॅमपर्यंतचा, रील ४०००, म्हणजे पीई २ घे, बास. जपानी कंपन्या जाडीला पीई नंबर देतात, पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५ च्या आसपास. चांगल्या कंपनीची ८ धाग्यांची पीई २ साधारण ३५-४० पाउंड धरते आणि ४००० च्या रीलवर दोनशे मीटर बसते. कातळावरून १५० मीटर भरपूर झाली, कास्ट साठ-सत्तर मीटरचा, त्याच्या पलीकडे मासा गेला तर तो आपला नव्हताच. जाड घेतलीस की वारा धरते, गाइडमध्ये (रॉडवरच्या कड्यांत) घासते, कास्ट परत तंगुसावर येतो.

ब्रेडच्या पुढे दीड-दोन मीटर लीडर, ४० किंवा ५० पाउंडचा. लीडर लागतोच, त्यात चर्चा नाही. ब्रेडला दगडाची एक घासही सोसत नाही, ताणलेली असताना तर शिंपल्याला नुसती टेकली तरी जाते. आपल्याकडचा कातळ बघितलास ना, कालवं नि शिंपले चिकटलेले, करवतच ती. जोडायला एफजी गाठ शीक. लीडर सरळच राहतो आणि ब्रेड त्याच्याभोवती वेणीसारखी वीस-बावीस वेळा आडवीतिडवी घालायची, मग अर्धगाठी. घरी पंख्याला बांधून पन्नास वेळा कर, मग कातळावर जा. तोवर डबल युनी गाठ चालेल, गाइडमधनं जाताना टकटक करते पण सुटत नाही.

आणि ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक. २७ किलो २७ किलो करतोयस, तुझा रॉड तेवढं उचलणार आहे का? बॅगा मोजायचा लटकता काटा घे, लाइनला लाव, रॉड वाकवून ओढ, तीन किलोला ड्रॅग फिरायला लागला पाहिजे. तांबोशीसाठी थोडा जास्त चालेल कारण तिला पहिल्या दोन मीटरातच अडवावं लागतं, एकदा बिळात गेली की विषय संपला.

कंपनी विचारशील तर दाइवाची जे-ब्रेड ८ धाग्यांची, शिमानोची कैरिकी, पॉवरप्रो, सुफिक्स ८३२, यातली कुठलीही. मी गेली चार-पाच वर्षं यातल्याच फिरवून वापरतो, फरक आहेत पण मासा सुटावा इतके नाहीत.

पिकावर_मजुरी:

मी समुद्रापासून लांबचा माणूस, इचलकरंजीत माग आहेत आमचे, वर्षातनं चार वेळा गणपतीपुळ्याकडे गळ घेऊन येतो. पण लाइनच्या जाडीबद्दल एक सांगावंसं वाटतं कारण हा विषय आमच्या धंद्यातला आहे.

डब्यावरच्या पाउंडवर जाऊ नका आणि डब्यावरच्या मिलिमीटरवर तर मुळीच नका. ब्रेड गोल नसते, दाबली की चपटी होते, मग कोण कुठून मोजणार. जपान्यांनी म्हणून सरळ सुताचा हिशोब लावला, पीई १ म्हणजे २०० डेनिअर. आता डेनिअर म्हणजे काय तर ९००० मीटर सुताचं ग्रॅममध्ये वजन. हे आमच्याकडे बिगाऱ्यालाही माहीत असतं. म्हणजे पीई २ ची लाइन ४०० डेनिअर, ९००० मीटरला ४०० ग्रॅम, म्हणजे १५० मीटरला ६.७ ग्रॅम. झालं. लाइन खरी किती जाड ते बघायला मायक्रोमीटर नको, सोनाराचा काटा पुरे! वीस मीटर मोजून कापा, वजन करा, पीई २ असेल तर ०.९ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. वरच्या लेपाचं थोडं इकडे-तिकडे सोडून द्या.

मी एकदा बाजारातली एक 'पीई २' लिहिलेली लाइन अशी तोलली, १५० मीटर साडेनऊ ग्रॅम भरली. म्हणजे जवळजवळ पीई ३. ती ४० पाउंड धरायची, खोटं नाही, पण पीई ३ च्या जाडीत ४० धरली तर काय मोठं केलं. स्वस्त लाइनची हीच गोम असते, ताकद लिहिल्याइतकी भरावी म्हणून सूत जाड घालतात आणि डब्यावर आकडा बारीक छापतात. काही तर ताकदही भरत नाहीत.

दुसरं विणीचं. कापडात इंचाला किती पीक (आडवे धागे) यावर सगळा खेळ असतो, आमच्याकडे कामगाराची मजुरीसुद्धा पिकावर ठरते. ब्रेडचंही तेच. घट्ट विणलेली लाइन गोल राहते, पाणी कमी पिते, गाइडवर आवाज कमी करते आणि धागे लवकर उसवत नाहीत. सैल विणीची लाइन पहिल्या दिवशी रेशमासारखी मऊ लागते आणि महिन्याभरात दोरखंड होतो. सुफिक्स ८३२ चं नावच त्यावरून आहे, ८ धागे आणि इंचाला ३२ विणी. आमचं सध्याचं मार्केट बघता मीच एखादा वेणी माग टाकावा असं वाटायला लागलंय, पण ते असो.

गरी_मालवण:

तुका सांगतंय बाबा, ह्या ब्रेडाच्या नादाक लागू नको. मी तीस वर्सा गरवतंय, तंगूस सोडून दुसरा काय हातात धरूक नाय. शंभर रुपयाची रीळ, वर्सभर पुरता. तुटली तर तुटली, गाठ खयची पण मारा, धरता. दगडार घासली तरी लगेच जायत नाय. दोन हजार रुपयाची दोरी आनि परत तिच्या टोकाक तंगूसच बांधूचो, मग मधी ती दोरी कित्याक?

भाट्येकर:

काका तुमचं अर्धं बरोबर आहे हो, आणि ते अर्धं मोठं आहे. घासण्यात तंगूस सरस, प्रश्नच नाही. कोळंबी लावून तळाला सोडून बसायचं असेल तर मीसुद्धा तंगूसच वापरतो, मासा आमिष गिळेपर्यंत थोडा ताण सैल असलेला बराच.

पण ल्युअर वेगळं पडतं. नायलॉन जोर आला की वीस टक्क्यांच्या आसपास ताणतं. पन्नास मीटरवर माशाने तोंड मारलं आणि तुम्ही झटका दिला की अर्धा झटका तंगूसच खाऊन टाकतं, हूक टोचतच नाही. ब्रेड चार-पाच टक्केच ताणते. ल्युअर तळाला वाळूवर लागलं की दगडाला, त्याला गवत अडकलंय की नीट पोहतंय, सगळं बोटाला कळतं. पॉपर (पाण्यावर नाचवायचं ल्युअर) मारताना तर तंगुसावर पॉपर नाचतच नाही. आणि बारीक असल्याने कास्ट लांब. एवढ्यासाठीच ते दोन हजार.

गरी_मालवण:

बरा. पण हात कापला तर माका सांगू नको.

वांद्रे_कातळ:

काकांनी हात कापायचं काढलंच आहे तर मी माझी करंगळी दाखवतो. बँडस्टँडच्या दगडांत ल्युअर अडकलं, मी शहाण्यासारखी ब्रेड हाताला दोन वेढे मारून ओढली, लाट आली, पाय सरकला, अंगाचं सगळं वजन त्या वेढ्यांवर. चार टाके. ओपीडीतल्या डॉक्टरांनी विचारलं संक्रांत तर झाली, मांजा कुठून आला. तेव्हापासून खिशात वीतभर जाड काठी असते, अडकलं की लाइन काठीला गुंडाळायची, रॉड सरळ रेषेत धरून मागे चालत जायचं, रॉड वाकवून उपटायला जाऊ नका, रॉडचं टोक जातं.

आणि मांजावरून आठवलं, तुटलेल्या ब्रेडचे तुकडे कातळावर टाकून येऊ नका रे. ही कुजत नाही. मी एका बगळ्याच्या पायातून सोडवलीय, पाय काळा पडला होता. तुकडे खिशात घाला, घरी आणून बारीक कापून टाका.

आता प्रश्न विचारणाऱ्याच्या पहिल्या अपघाताबद्दल कोणी बोललंच नाही, कास्ट करताना तुटली ती. तो विंड नॉट. वाऱ्याने होतो असं नाव असलं तरी खरं कारण स्पूलवर (लाइन गुंडाळली जाते त्या चकतीवर) सैल पडलेले वेढे. ल्युअर पाण्यात पडलं की आपण हँडल फिरवून बेल (रीलवरची तारेची कडी) बंद करतो, तेव्हा एक-दोन वेढे ढिले बसतात, पुढच्या कास्टला वरचा वेढा खालच्या दोन-चार वेढ्यांना ओढून घेऊन जातो आणि गाइडपाशी गोळा. उपाय सोपा, बेल हाताने बंद करायची, लाइन चिमटीत धरून एक हलका हिसका, मग गुंडाळायला सुरुवात. आठवडाभर विसराल, मग सवय होते. हलका ल्युअर आणि समोरून वारा असेल तर लाइन बोटांतून जाऊ देत गुंडाळा.

भरतानाही काळजी घ्या. आधी खाली तंगुसाचे दहा-पंधरा मीटर, नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर गोल गोल फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. हे माझ्या मित्राचं झालंय, त्याने चांगलं रील दुरुस्तीला दिलं होतं! मग ब्रेड ओल्या फडक्यातून घट्ट दाबत भरायची, घरातल्या कोणाला तरी रीळ धरायला बसवा. स्पूलच्या काठापासून दोन मिलिमीटर जागा सोडा. गच्च भरली की हमखास गुंता.

४ की ८ वर माझं मत भाट्येकर दादांपेक्षा वेगळं आहे. त्याच जाडीत ४ धाग्यांचा एकेक धागा जाड असतो, घासला तरी पटकन तुटत नाही, आणि स्वस्त. गाइडमधून सुंईं आवाज करते, कास्ट दोन-चार मीटर कमी जातो, पण नवीन माणूस पहिल्या सीझनला लाइन दगडातच घालवणार असतो, मग स्वस्तातली घालव ना. वर्षभराने ८ घे. रंग कुठलाही घे, पिवळा किंवा गुलाबी घेतलास तर संधिप्रकाशात स्वतःला दिसते तरी. माशाला लीडर दिसतो, ब्रेड दोन मीटर मागे असते, आणि आपल्या खाडीतल्या गढूळ पाण्यात त्यालाच त्याची शेपटी दिसत असेल का शंका आहे. दर दहा मीटरला रंग बदलणारी येते ती बोटीवरून खोल पाण्यात जिगिंग करणाऱ्यांना (ल्युअर खाली सोडून वर-खाली नाचवणाऱ्यांना), खोली कळावी म्हणून, तिचे पैसे देऊ नको.

भाट्येकर:

४ धाग्यांना माझा विरोध नाही, पण आवाजाने मला वेड लागतं, पहाटे शांत पाण्यात सुंईं सुंईं. आणि ४ ची खरबरीत लाइन मिठाचं पाणी जास्त घेऊन येते, सगळं तोंडावर उडतं. असो. घरी आल्यावर स्पूल काढून साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरायचा, फोर्सने नळ सोडायचा नाही, रीलमध्ये मीठ आत ढकललं जातं. आणि सीझन संपल्यावर लाइन उलटी करून भरायची, आपण वापरतो ती पुढची साठ मीटर, मागची नवी कोरी असते. दोन वर्षं निघतात.

सुरमईच्या मागे कोणी जाणार असेल तर टोकाला वीतभर वायर लावा, तिच्या दातांपुढे ५० चा लीडरही काही नाही. पॉपर-स्टिकबेट वर पोहणाऱ्या ल्युअरला साधा नायलॉनचा लीडर चांगला, फ्लुरोकार्बन (लीडरचा दुसरा प्रकार) पाण्यात बुडतं, ल्युअरचं नाक खाली ओढतं. तळाशी दगडात मारायचं असेल तर फ्लुरो.

वीकेंडचा_गळ:

मंडळी तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार, आणि आता रिपोर्ट.

आधी वजनाचं. जुन्या लाइनचे अंगणात कंपाउंडच्या गडग्याला धरून वीस मीटर मोजले, कापले, आणि बाजारात आमच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने काट्यावर ठेवली, मला वाटलं चांदीची तार समजून भाव सांगतो की काय. १.६ ग्रॅम! इचलकरंजीच्या दादांच्या हिशोबाने ७२० डेनिअर, म्हणजे पीई साडेतीनच्याही वर. डब्यावर ०.२६ मिमी लिहिलंय. उगाच नाही कास्ट जात नव्हता. उरलेली आता आईने कपडे वाळत घालायला घेतलीय, तिथे एकदम मजबूत आहे.

मग ८ धाग्यांची पीई २ घेतली १५० मीटर, बजेटच्या आत बसली. (वांद्रेकर दादा सॉरी, मलाही आवाज नको होता.) एफजी दोन रात्री यूट्यूब बघून शिकलो, पंख्याला नाही, आमच्या माजघरातल्या झोपाळ्याच्या कडीला बांधून. काट्याने ड्रॅग तीन किलोला लावला, आणि तेव्हा कळलं आधी मी साडेसातला लावून ठेवला होता, म्हणजे जवळजवळ कुलूपच.

पौर्णिमेनंतरच्या शनिवारी उधाणाचं पाणी चढताना गेलो. पहिला कास्ट मारला आणि लाइन जातच राहिली, मलाच हसायला आलं. दोन विंड नॉट झाले, दोन्ही वेळा बेल हँडलने बंद केली होती. साडेसात वाजता मेटलवर (धातूच्या ल्युअरवर) कोकर आला, दीड किलो, आधी वाटलं दगड लागला आणि मग दगड पळायला लागला. तीनदा लाइन काढून घेतली त्याने, ड्रॅगचा आवाज ऐकून पोटात गोळा. काढला एकदाचा. नंतर अजून एक जोरदार लागला, तो खाली दगडात गेला, दहा सेकंद अडकून राहिला आणि हूक सुटला. ओढून बघतो तर लीडर तळहाताएवढा खरवडून पांढरा झालेला, पण तुटला नव्हता. तेवढा कापून परत बांधला.

पिकावर_मजुरी:

१.६ ग्रॅम! मी हसतोय इथे. त्या सोनाराला आता गिऱ्हाइकं पाठवतो.

गरी_मालवण:

कोकर बरो गावलो. लीडर खयचो लावलंस ता सांग आधी. फ्लुरो की काय ता?

वीकेंडचा_गळ:

नाही काका, दुकानात फ्लुरो संपलं होतं. आजोबांच्या पेटीत जाड तंगुसाची रीळ सापडली, ०.७० ची, बरीच जुनी, पण ओढून बघितली तर धरत होती. तीच दोन मीटर लावली.

गरी_मालवण:

मग मासो तंगुसान काढलो म्हण. दोरी मधी उगाच हुती.